मोकळी माती

४ मार्च

अगं,

पत्र बघून घाबरू नकोस, इथे कोणाला काही झालेलं नाही. फोन केला की पोरगी म्हणते, "आई झोपलीय, बाबा." सकाळी केला तरी झोपलीय, दुपारी केला तरी झोपलीय. लग्न झाल्यापासून तुला एवढी झोप कधी लागलेली मी पाहिली नाही. म्हणून लिहायला बसलो. पत्राला कोणी झोपलीय म्हणून सांगत नाही.

विषय मांजरांचा आहे. दुसरा कुठलाही नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुला वाटेल म्हातारा ताकाला जाऊन भांडं लपवतोय.

भिंतीपलीकडच्या टेलरबाईंची मांजरं आपल्या मागच्या बागेत घाण करतात. तू मागच्या पायरीवर त्यांना दूध ठेवायचीस तेव्हाही करत असतील, पण ती कुठेतरी आडोशाला, दिसत नव्हती. आता वाफ्याच्या मधोमध करतात, मला दाखवून. एक पांढरी, एक करडी, एक अर्ध्या शेपटीची काळी, आणि तो पिवळा बोका. बाकीच्या निदान मला बघून पळतात. बोका पळत नाही. काम पुरतं उरकतो, वर माती ओढतो, आणि मग माझ्याकडे असा बघतो, जसा काही मीच त्याच्या बागेत न विचारता शिरलोय.

मी उभी हयात गोदामाच्या फाटकावर काढली. उंदीर, चोर, ट्रकवाले, सगळ्यांना पुरून उरलो. माझ्या पाळीत एक पोतं इकडचं तिकडे झालं नाही. आणि आता म्हातारपणी हातात खुरपं आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन मांजरांच्या मागे फिरतोय. केमिस्ट म्हणतो, मांजराच्या घाणीतून रोग होतात, डोळे जातात. मी रोज संध्याकाळी एक डोळा झाकून समोरच्या दुकानाची पाटी वाचून बघतो. अजून वाचता येते.

तू पोरीकडे चार दिवस गेली होतीस तेव्हा मी शेवंती आणि पुदिन्याची जाळी काढून टाकली, ती ह्याच कारणाने. जाळी म्हणजे लपायला जागा. गोदामातही भिंतीलगत काही ठेवू द्यायचे नाहीत. गुलाबही त्यातच गेला, कारण तो मध्येच होता. तुला ते पटलं नाही. परत येऊन तू बाग बघितलीस, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाहीस, आणि तशीच स्टँडवर गेलीस. त्यावर मला काही बोलायचं नाही. विषय मांजरांचा आहे.

मी रोज वाफा खणतो, ढेकळं फोडतो, घाण वेचतो. माती इतकी मऊ झालीय की मनगटापर्यंत हात जातो. तू आलीस की तुला लावायला अगदी तयार. कधी येणार ते आधी कळव, म्हणजे तोवर मांजरांचा बंदोबस्त करून ठेवता येईल.

तेव्हा तारीख कळव. पोरीला पत्र वाचायला देऊ नकोस.


२१ मार्च

अगं,

उत्तर आलं नाही. पोस्टाचं काही सांगता येत नाही म्हणून पुन्हा लिहितोय.

उपाय चालू आहेत. केमिस्टने डांबरगोळ्या टाकायला सांगितल्या. टाकल्या. मांजरांना काही झालं नाही, मला मात्र खिडकीशी बसलं की कपाटात बसल्यासारखं वाटायचं. भाजीवाली म्हणाली, संत्र्याची सालं पसरा, मांजरांना तो वास सोसत नाही. करडीने सालं बाजूला केली, आपलं उरकलं, आणि वर सालंच ओढून झाकली. मिरपूड टाकली तर नेमका वारा फिरला. शिंकून शिंकून माझी कवळी वाफ्यात पडली. उकळत्या पाण्यातून काढली आहे, पण तोंडात घालायला अजून मन होत नाही. बाटल्यांत पाणी भरून ठेवलं की मांजर बिचकतं, असं न्हावी म्हणाला. तेही केलं. पिवळा बोका बाटलीला पाठ घासतो.

मग त्याच न्हाव्याने दुकानातले केस दिले, पोतंभर. माणसाच्या वासाने जनावर येत नाही म्हणे. मी सगळ्या वाफ्यावर पसरले. दुपारी वारं सुटलं आणि ते केस टेलरबाईंच्या दोरीवर गेले. कोणाच्या तरी लग्नाचे कपडे वाळत होते. बाई भिंतीवर आल्या.

"काका, हे केस कोणाचे?"

"सगळ्या पेठेचे."

"आणि माझ्या कपड्यांवर कशाला?"

"तुमची मांजरं माझ्या वाफ्यात येतात, माझे केस तुमच्या दोरीवर आले. फिटंफाट."

"तुमचे कुठले काका, तुमच्या डोक्यावर चार उरलेत," त्या म्हणाल्या, आणि एकेक केस चिमटीने उचलायला लागल्या. मग म्हणाल्या, "आणि मांजर काय कोणाचं असतं? येतं, बसतं, मनात आलं की उठून जातं. माणसासारखं नाही ते, की एकदा दारात आलं की मरेपर्यंत राहिलंच पाहिजे."

ह्या बोलण्याचा रोख मला कळला. मी काही सातवीच्या पुढे गेलो नाही, पण एवढं कळतं. मी म्हटलं, "तुम्ही शिवणाचं बघा, उसवणाचं नको." त्या हसल्या. त्यांना कशाचंही हसू येतं.

शेवटी मी तार आणली. वाफ्याच्या चारी बाजूंनी खुंट्या ठोकून घोट्याएवढ्या उंचीवर ओढली, गोदामाच्या कुंपणाला असायची तसली, काट्यांची. परवापासून पिवळा बोका मागचा पाय उचलून चालतोय. मी त्याला हात लावलेला नाही. तार जागच्या जागी आहे, ती काही कोणाच्या मागे धावत नाही. ज्याला पाय सांभाळायचा त्याने घरी बसावं.

हे तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. टेलरबाई तिखटमीठ लावतील.

पाण्याची मोटर चालू करताना आधी कुठला कॉक फिरवायचा, लाल की दुसरा? मी दोन्ही फिरवतो. चालते, पण आवाज करते.


९ एप्रिल

अगं,

आज मन जरा बरं आहे. क्रमाने सांगतो.

मागल्या आठवड्यात मी पडलो. करडी वाफ्यात दिसली म्हणून झाडू घेऊन धावलो आणि तारेत पाय अडकला. माझीच तार. मांजर पळालं, मी आडवा. टेलरबाईंनी भिंतीवरून बघितलं. एवढी जाडजूड बाई, पण गल्लीला वळसा घालून क्षणात आली. मला पायरीवर बसवलं, कोमट पाण्याने जखम धुतली, शिवणाच्या कापडाची पट्टी बांधली. पट्टीवर फुलं आहेत.

"काकूंना कळवू का?" म्हणाल्या.

मी म्हटलं, "काही गरज नाही."

एवढी वर्षं शेजारी राहून त्यांना कळायला हवं होतं की मी काही गरज नाही म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो. आणि कळलंच. त्याचा पुरावा आज मिळाला.

सकाळी मी मागच्या पायरीवर पाय पसरून ऊन खात बसलो होतो. दुसऱ्या टोकाला तो पिवळा बोका बसला होता, त्याला हाकलायला उठवत नव्हतं म्हणून बसू दिला. भिंतीपलीकडे टेलरबाईंचा फोन वाजला. आधी मशीन थांबलं, मग त्या म्हणाल्या, "बोला काकू." मी कान टवकारले. भिंत काय, खांद्याएवढी. सगळं ऐकू आलं. शब्द न् शब्द लिहितो, म्हणजे तुला कळेल की मला सगळं माहीत आहे.

"हो, बरे आहेत आता. पाय चांगलाच सुजला होता, पण टेकवायला लागलेत."

मग तू काहीतरी विचारलंस.

"जेवले की. थोडंच जेवले, पण जेवले."

मग पुन्हा तू.

"छे हो, जवळ कुठे येऊ देतात. हात लावायला गेलं की गुरगुरतात. स्वभावच तो, तुम्हाला मी काय सांगू."

हे मला लागलं, पण खोटं नाही.

"आत्ता? आत्ता तुमच्याच पायरीवर ऊन खात बसलेत. नका काळजी करू, मी लक्ष ठेवून आहे. सांगते ना, आठवण काढलीत म्हणून सांगते."

अगं, हे सगळं तू मला विचारायचंस. पत्राला उत्तर नाही, फोनवर झोपलीस, आणि आडून मात्र जेवले का, पाय टेकवतात का. बायकांची ही जातच अशी, सरळ रस्ता असला तरी गल्लीतून जाणार. पण मी रागावलो नाही. घरात कोणी मला जेवलात का विचारून किती दिवस झाले, ते मोजत नाही मी.

टेलरबाईंनी तुझा निरोप मला अजून सांगितलेला नाही. कामाच्या गडबडीत राहिलं असेल. मी आपणहून विचारणार नाही, त्या सांगतील.

तर तुझ्या माहितीसाठी: सूज उतरली आहे. जखम कोरडी आहे. भूक ठीक. गुरगुरणं कमी करतोय.

तार मी आजच काढून टाकली. बोक्याला आता हाकलत नाही, तू आल्या आल्या त्यावरून वाद नको. उरलेल्या दुधातलं त्यालाही ठेवतो, म्हणजे तो बशीजवळ बसतो आणि वाफ्यात कमी जातो. मागच्या फाटकाची कडी घट्ट होती, तुला दोन्ही हात लावावे लागायचे. ती तेल घालून सैल केली. तुझी गादी उन्हात टाकली.

काय लावायचं ठरवलंयस ते लिही. रोपं आणून ठेवतो. नाहीतर तू स्वतः बघूनच घे, माझी निवड तुला आवडत नाही.


२ मे

अगं,

अगं म्हणायचं की नाही हेही आता कळेनासं झालंय.

मी वाट बघितली. टेलरबाई निरोप काही सांगेनात. शेवटी काल मीच गेलो. पाय पूर्ण बरा झालाय, दाढी केली होती, तो निळा शर्ट घातला होता. त्या काज करत होत्या. मी म्हटलं, "पोरीकडे फोन झाला की सांगा, पाय आता अगदी ठीक आहे. स्टँडवर घ्यायला मी स्वतः येऊ शकतो."

"कोणाला घ्यायला?"

"तिला. ती पायाचं विचारत होती ना."

"कोणाच्या पायाचं, काका?"

"माझ्या. तुम्हीच नाही का सांगितलंत, बरे आहेत, जेवले, पायरीवर बसलेत म्हणून."

त्या आधी हसल्या. मग सुई कापडात टोचून ठेवली आणि तोंडावर हात नेला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काका, ते बोक्याचं."

मी म्हटलं, "बोक्याला जेवले म्हणतात होय?"

"काकूंची सवय हो. त्या त्याला अहोजाहोच करतात. मग त्यांच्याशी बोलताना माझ्याही तोंडात तेच येतं."

मला वाटलं चेष्टा आहे. मी तिथेच उभा राहिलो. त्यांनी स्टूल पुढे केलं, त्यावरही बसलो नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण मीच उठत नव्हतो, म्हणजे हलत नव्हतो.

त्या इथे नव्या राहायला आल्या तेव्हाची गोष्ट. दिवसभर भिंतीपलीकडून तुझा आवाज यायचा. "अहो, आज पाणी आलंच नाही बघा." "अहो, पोरीचा निकाल लागला." "अहो, माझी कंबर आज फार दुखतेय." त्यांना वाटायचं, किती बोलतात दोघं नवराबायको, आणि बुवा किती शांत आहे. मग एक दिवस त्यांनी मला रस्त्यात डबा घेऊन कामावरून येताना बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं की मी तर घरी नसतोच. भिंतीवरून डोकावल्या तर पायरीवर तू, आणि समोर बोका. तेव्हाचा तो हा नव्हे, त्याचा कोणी बापजादा असेल, तोही पिवळाच होता. हा आला तशी तीच पदवी ह्याला मिळाली. वंशपरंपरा.

"मी विचारलं होतं त्यांना," टेलरबाई म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, ह्यांना सांगितलं की हे ऐकून घेतात. मध्येच तोडत नाहीत, आणि तूच कुठेतरी चुकली असशील म्हणत नाहीत."

"आणि मी?"

"तुमचं मी काय सांगू, काका. चहा ठेवू का?"

मी घरी आलो. बोका पायरीवर होता. त्याला लाथ मारावी असं मनात आलं आणि बरा झालेला पाय उचललाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि जागचा हलला नाही. मी पाय खाली ठेवला.

तुला एकच विचारतो. लग्न झाल्यावर महिनाभर तुला मला काय म्हणून हाक मारावी तेच कळत नव्हतं. तू भांडं आपटायचीस, नाहीतर खोकायचीस. मग एक दिवस आतून अहो म्हणालीस. मला आठवतं, मी दाढी करत होतो, मी ऐकलं नाही असं दाखवलं, म्हणजे तू पुन्हा म्हणशील. त्या घरात भांडी तुझ्या माहेरची, खाट माझ्या भावाची, घर भाड्याचं. माझ्या एकट्याचा असा तेवढा एक शब्द होता. तो तू मांजराला दिलास. दूध दिलंस ते ठीक होतं.

ह्याचं उत्तर पाहिजे. बाकीच्या पत्रांचं दिलं नाहीस तरी चालेल.


२० मे

अगं,

काल जावई आले होते. तुला कळलं असेलच, तूच पाठवलं असशील. हातात झाकणाची टोपली. मला वाटलं काही खायला पाठवलंस. उघडून बघितली तर आत जुना टॉवेल.

पाणी झालं, चहा झाला, त्यांच्या औषधांच्या धंद्यात आता राम राहिला नाही हे बोलून झालं. मग ते म्हणाले, "बाबा, आईंचं मन लागत नाही तिकडे."

मी म्हटलं, "मग आणून सोडा. त्यात काय."

ते टोपलीकडे बघायला लागले. "तसं नाही. त्या म्हणाल्या, त्या पिवळ्याला घेऊन या. टेलरबाईंशी त्यांचं बोलणं झालंय. त्यांची काही हरकत नाही."

म्हणजे मन लागत नाही ते बोक्याशिवाय. मीही विचारून घेतलं, "आणखी कोणाला घेऊन या म्हणाली का?" जावई सज्जन माणूस, त्यांनी कप उचलला. रिकामा होता, तरी प्यायले.

टेलरबाई आल्या, त्यांनी "या, या" करून बघितलं, बोका त्यांच्या हाताला लागला नाही. तो वाफ्याच्या मधोमध जाऊन बसला. जावई बूट काढून वाफ्यात उतरायला लागले, तेव्हा मी आडवा आलो.

"बाबा, बोका टेलरबाईंचा आहे."

"मग त्यांच्या घरातून न्या. माझ्या आवारात आलेला माल गेटपासशिवाय बाहेर जात नाही."

"आता गेटपास कोणाकडून आणू मी?"

"जिला माल पाहिजे तिची सही लागते. स्वतः हजर राहून."

"बाबा, त्या यायच्या नाहीत."

"मग माल पण यायचा नाही."

टेलरबाई म्हणाल्या, "काका, मांजराला ओलीस ठेवताय का?" मी म्हटलं, हो. लपवायचं काय त्यात. तुमच्याकडे ती आहे, माझ्याकडे तो आहे. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं साधलं म्हणतात, ह्या वेळी बोक्याच्या जिवावर माझं साधलं तर बघू.

जावई रिकामी टोपली घेऊन गेले. जाताना पाया पडले, सज्जन आहेत.

तर अशी गोष्ट आहे. बोका इथे मजेत आहे. मी त्याला सकाळ-संध्याकाळ दूध देतो, खिम्याचा डबासुद्धा आणलाय. तो वाफ्यात घाण करतो, मी वेचतो, माती पुन्हा मऊ करतो. तू ये आणि ने. यायचं तेवढं ये. आल्यावर राहा असं मी म्हणणार नाही. म्हणजे म्हणेन, पण एकदाच.


१२ जून

तू रविवारी येऊन गेलीस. मग हे पत्र कशाला, असं कोणीही म्हणेल. पण तू जेवढा वेळ होतीस तेवढ्यात बोलणं झालं नाही, आणि आता मला एक गोष्ट कळली आहे, ती शेवटी सांगतो.

तू पुढच्या दाराने आली नाहीस. मागच्या फाटकाने आलीस. कडी एका बोटाने उघडली, ते तुझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. पोरगी गाडीत बसून राहिली. तू अंगाने भरली आहेस. तिकडचं मानवलंय.

मी काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. तू वाफ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "हे असंच उघडं ठेवलंय?"

मी म्हटलं, "असंच कुठे, रोज खणतो. मांजरं घाण करतात."

"मोकळी माती दिसली की मांजर येणारच. मऊ माती शोधतच असतात ती. झाडं होती तेव्हा कधी आली होती मधे? काही लावलं का नाही?"

"तू येऊन लावशील म्हणून ठेवली."

"मी असं कधी म्हटलं होतं?"

नव्हतं म्हटलं. मी आठवून बघितलं. तू काहीच म्हटलं नव्हतंस, मीच रोज खणत होतो. मी मांजरांसाठी गादी घालत होतो आणि वर मांजरांनाच शिव्या देत होतो.

मी म्हटलं, "आत ये, चहा टाकतो."

"गाडी थांबलीय."

मग तू टोपलीचं झाकण उघडून खाली बसलीस आणि म्हणालीस, "अहो."

मला माहीत होतं. टेलरबाईंकडून कळल्यापासून मला चांगलं माहीत होतं. तरी तोंडातून "काय?" निघून गेलं. तू मान वर केली नाहीस. म्हणालीस, "तुम्हाला नाही."

रागाने म्हणाली असतीस तरी मला काहीतरी मिळालं असतं. तू साधं म्हणालीस. चुकीच्या दारात आलेल्या पोस्टमनला सांगतात तसं. आणि तो बोका वाफ्यातून उठला, माझ्या पायावरून अंग घासून गेला, आणि आपल्या पायांनी टोपलीत जाऊन बसला. टेलरबाईंना बधला नाही, जावयांना नाही, इतके दिवस दूध दिलेल्या मलाही नाही.

मी एकदाच म्हणेन म्हटलं होतं, ते म्हटलं. "राहा."

तू टोपलीचा दोरा बांधत होतीस. "कशाला?" म्हणालीस.

मी झाकण दाबून धरलं, म्हणजे तुला गाठ मारता येईल.

फाटकापर्यंत मी मागे आलो. त्या पायावर जोर पडला की अजून थोडा लचकतो. तू वळून बघितलंस आणि विचारलंस, "पायाला काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही. जुनंच आहे."

तू गेलीस. मी फाटकाशी उभा राहिलो आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पायाला काय झालं, हे मी तुला सविस्तर लिहिलं होतं. तार, पट्टी, पट्टीवरची फुलं, सूज उतरली, जखम कोरडी. सगळं. ज्याने ते पत्र वाचलं तो असं विचारणार नाही. तू एकही पत्र उघडलेलं नाहीस. पत्राला झोपलीय म्हणून सांगत नाहीत, असं मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते तू वाचलं नाहीस म्हणून बरं.

तेव्हा हेही तू वाचणार नाहीस. त्यामुळे बरं आहे, कसंही लिहिता येतं. शुद्धलेखन बघायला नको.

काल गवंडी बोलावला. वाफा भरून घेतला, वर खडी, वर सिमेंट, वर फरशी. भिंतीपासून पायरीपर्यंत. पांढरी मांजर आली होती, तिने फरशीवर पंजा ओढून बघितला, आवाज झाला तशी निघून गेली. टेलरबाईंनी भिंतीवरून बघितलं आणि पहिल्यांदाच हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, ऊन तापलं की भट्टी होईल हो इथे." मी म्हटलं, होऊ दे, मला धुवायला सोपी.

काम संपत आलं तेव्हा गवंडी थांबला. हातात शेवटची फरशी होती. म्हणाला, "आजोबा, एक चौकोन मोकळा सोडू का कोपऱ्यात? घरातल्या बाईमाणसाला लागतो, काहीबाही लावायला."

मी म्हटलं, "नको. बसव ती पण."

त्याने बसवली, वरून ठोकली, आणि सांधे भरून घेतले.